बाजारपेठेतल्या इमारतींचे रंग आणि दुकानांच्या पाट्या: नियमावली कशी करायची, कशी रुजवायची

सीएसएमटीपासून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकाकडे चालत निघालात, तर भर पावसातही बराचसा रस्ता छत्री न उघडता पार करता येतो. रस्त्यालगतच्या इमारती फुटपाथवर कमानी टाकून उभ्या आहेत आणि एकीची ओसरी पुढचीच्या ओसरीला जोडलेली आहे. ही सोय आपोआप झालेली नाही. रस्त्याचं नाव हॉर्नबी रोड होतं तेव्हा, १८९६ साली, सरकारने नियम केला की इथे बांधायचं तर तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी ठेवावीच लागेल. वर गॉथिक बांधा, निओक्लासिकल बांधा, इंडो-सारसेनिक बांधा, मुभा होती. खालची ओसरी मात्र प्रत्येकाला बंधनकारक होती. एवढ्याशा नियमाचा लाभ मुंबईकर सव्वाशे वर्षं घेत आहेत.

पुढे शंभर वर्षांत याच कमानी दुकानांच्या पाट्यांखाली झाकल्या गेल्या. १९९८-९९च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी (एमएमआरडीए) संलग्न वारसा जतन संस्थेने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून या रस्त्यासाठी एक पुस्तिका तयार करून घेतली. पाटी इमारतीच्या कुठल्या भागावर यावी, केवढी असावी, रस्त्यावरचे दिवे आणि बाकडी कशी असावीत, हे तिच्यात आखून दिलं होतं. रस्त्यावरचे दुकानदार आणि कचेऱ्यावाले त्यात उतरले आणि २००४ साली या कामाला युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत उल्लेखनीय कामाचा मान मिळाला.

आपल्या गावातल्या जुन्या पेठेसाठी असं काही करावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही व्यापारी संघाचे पदाधिकारी असाल, नगरसेवक असाल, पालिकेत अभियंता असाल किंवा नुसते त्या रस्त्यावर राहत असाल. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हे नियम कुणाच्या आवडीनिवडीवर केले तर टिकत नाहीत. 'आम्हाला गुलाबी आवडतो, तुम्ही कोण सांगणार?' या प्रश्नाला कुठल्याच समितीकडे उत्तर नसतं. नियम इमारतीच्या अंगावर मापून बेतलेला असला, तर उत्तर भिंतीवरच दिसतं.

आधी हद्द लहान ठेवा

पूर्ण शहरासाठी नियमावली करायला घेतली की ती नस्तीतच राहते. एक रस्ता घ्या, चारपाचशे मीटरचा. एका टोकाला चौक, दुसऱ्या टोकाला देऊळ, मंडई किंवा स्टेशन अशी ओळखीची खूण असू द्या. रस्त्याच्या दोन्ही बाजू घ्या आणि कोपऱ्यावरच्या इमारतींची गल्लीकडे वळणारी बाजूही धरा. हद्दीतून वगळलेल्या त्या बाजूवरच पुढे सगळ्यात मोठा फ्लेक्स चढतो.

मोजणी: रविवारी सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी

नियम लिहिण्याआधी रस्ता मोजायचा. यात घाई केलीत तर पुढे प्रत्येक बैठकीत अडाल. रविवारी सकाळी सात वाजता शटर बंद असतात, गाड्या कमी असतात, इमारत पायापासून दिसते. समोरच्या फुटपाथवर ठरावीक अंतरावर खडूने खुणा करा आणि प्रत्येक खुणेवरून सरळ समोरचा फोटो घ्या. त्या जागा वहीत लिहून ठेवा, कारण दर वर्षी तिथूनच फोटो घ्यायचे आहेत. संध्याकाळी साडेसातला पुन्हा या. दिवसा साधी वाटणारी पाटी रात्री समोरच्या घराची खिडकी कशी उजळते, ते तेव्हाच कळतं.

प्रत्येक इमारतीचं एक पान करा. मजले किती, साधारण कुठल्या काळातली, भिंत दगडाची, विटांची की चुन्याच्या गिलाव्याची. कमानी किती, प्रत्येकीची रुंदी आणि उंची किती. छज्जे, कंगोरे, लाकडी सज्जे, ओतीव लोखंडाचे कठडे, गिलाव्यात कोरलेलं इमारतीचं नाव किंवा साल. मग यावर काय काय चढलं आहे: पाट्या, एसीची यंत्रं, केबलची जाळी, पावसाळी पत्रे, पाइप. आणि मालक कोण, भाडेकरू कोण, पागडीचे गाळे किती. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, ती का ते रंगांपाशी सांगतो.

अशाच एका मोजणीच्या वेळी एका कापडदुकानदाराने पाटी बदलायला काढली होती. पंधरा फूट लांबीची एसीपीची (प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेल्या फळीची) पाटी दोघांनी खाली उतरवली आणि मागे दगडात कोरलेली फुलांची माळ निघाली. तिच्यात लोखंडी बोल्टांची अकरा भोकं होती. प्रत्येक भोकाखाली गंजाचा तांबडा ओघळ उतरलेला, आणि दोन फुलं बोल्ट फुगल्यामुळे मधोमध तडकलेली. दुकानदार वीस वर्षं त्या जागी धंदा करत होता. त्याने माळेवर हात फिरवला आणि म्हणाला, 'हे आमच्या इमारतीवर आहे?' त्या दिवसापासून तो आमच्या बाजूने बोलू लागला. म्हणून सांगतो, मोजणी करताना दुकानदाराला बरोबर घ्या. जमलं तर एखादी पाटी उतरवून दाखवा.

कायद्याचा आधार शोधा

नवा कायदा करायची गरज सहसा नसते. मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीपासून यादीतल्या इमारतींना श्रेणी आहेत: एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. अशा इमारतीची नुसती रंगरंगोटी करायची तरी आयुक्तांची लेखी परवानगी लागते आणि वारसा जतन समितीचा सल्ला घेतला जातो. हे बऱ्याच घरमालकांना ठाऊकच नसतं. आता ही तरतूद 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४' या नावाच्या नियमावलीत आहे. पाट्या-जाहिरातींसाठी मुंबई महापालिका अधिनियम १८८८ची कलमं ३२८ आणि ३२८अ आहेत. इतर महापालिकांसाठी १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५ आहेत. भिंती विद्रूप करण्याविरुद्ध १९९५चा स्वतंत्र राज्य कायदा आहे.

तुमच्या रस्त्याचे नियम विकास नियंत्रण नियमावलीचा भाग व्हावेत असं वाटत असेल, तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६च्या कलम ३७ची वाट आहे. पालिकेचा ठराव, राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, मग शासनाची मंजुरी. वेळ लागतो. माझा सल्ला असा की ती वाट चालू ठेवून आधी व्यापारी संघाच्या ठरावाने आणि पालिकेच्या परवाना खात्याच्या अटींतून काम सुरू करावं. दोन वर्षं स्वेच्छेने पाळलेला नियम शासनाकडे गेला, तर त्याला हरकती कमी येतात.

एक फरक पहिल्याच पानावर लिहून ठेवा. स्वतःच्या दुकानाचं नाव सांगणारी पाटी वेगळी आणि परक्या मालाची जाहिरात वेगळी. कायदाही या दोन्हींकडे वेगळ्या नजरेने पाहतो. शीतपेयांच्या, मोबाइलच्या, रंगांच्या कंपन्या दुकानदाराला फुकट पाटी करून देतात. तिच्यावर तीन चतुर्थांश जागा कंपनीची आणि कोपऱ्यात दुकानाचं नाव. पेठेचा चेहरा बिघडवण्यात या फुकटच्या पाट्यांचा वाटा फार मोठा आहे. नियमात स्पष्ट म्हणा की पाटीवर दुकानाचं नाव आणि धंदा एवढंच येईल.

सुरुवात पाट्यांपासून

रंग आणि पाट्या दोन्ही हाती घ्यायचं असलं तरी पाट्या आधी. त्या उतरल्याशिवाय इमारत दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या इमारतीचा रंग ठरवणार कसा?

मुळाशी एकच वाक्य ठेवा: पाटी कमानीच्या आत. इमारतीला कमानी नसतील तर 'दोन खांबांच्या मध्ये, दाराच्या चौकटीच्या वर, कंगोऱ्याच्या खाली'. म्हणजे प्रत्येक गाळ्याला इमारतीने आधीच एक चौकट दिलेली असते, पाटी त्या चौकटीत बसवायची. तिने खांब ओलांडायचा नाही, कमानीचा माथा झाकायचा नाही, वरच्या मजल्याच्या कठड्यावर चढायचं नाही. गिलाव्यात किंवा दगडात कोरलेलं इमारतीचं नाव झाकायचं नाही. मुंबईच्या आर्ट डेको (१९३०-४०च्या दशकांतल्या शैलीच्या) इमारतींवरची उठावाच्या अक्षरांतली नावं ही त्या शैलीचीच खूण आहेत.

मापं तुमच्या मोजणीतूनच काढा. माझ्या अनुभवात पुढची मापं बहुतेक जुन्या पेठांना चालतात. भिंतीला समांतर पाटीची जाडी चार इंचांपेक्षा जास्त नको. उंची अडीच फुटांवर जाऊ देऊ नये. फुटपाथवर आडवी येणारी, भिंतीला काटकोनात टांगलेली पाटी गाळ्यामागे एकच, भिंतीपासून दोन फुटांच्या आत आणि जमिनीपासून किमान आठ फूट वर. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर, वकील, क्लासवाल्यांना दर्शनी भिंतीवर पाटी नाही. जिन्याच्या तोंडाशी सगळ्यांची मिळून एक नामावली, सारख्या मापाच्या पट्ट्यांची. गच्चीवर काहीही नाही.

ओसरीच्या रस्त्यांवर एक गोष्ट हमखास सुटते. कमानीच्या बाहेर लावलेली पाटी ओसरीतून चालणाऱ्याला दिसतच नाही, आणि गिऱ्हाईक तर ओसरीतूनच चालतं. म्हणून ओसरीच्या छताखाली, चालणाऱ्याच्या समोर येईल अशी एक छोटी टांगती पाटी प्रत्येक दुकानाला द्या. दुकानदाराच्या हातून बाहेरची मोठी पाटी काढून घेताना आतली ही पाटी हातात ठेवता आली, तर बोलणं सोपं जातं.

'पाटी लहान केली तर धंदा बसेल' ही हरकत येणारच आणि ती हसण्यावारी नेऊ नका. माणसाचं पोट त्यावर आहे. बैठकीत वाद घालण्यापेक्षा त्याला रस्त्याच्या पलीकडे घेऊन जा. सहज वाचायला दर दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर पुरतं, असा पाट्या करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. साठ फूट रुंद रस्ता असेल तर पलीकडून वाचायला सहा इंची अक्षर पुरे. कार्डबोर्डवर सहा इंचांत त्याचं नाव लिहून त्याच्या दारावर धरा आणि त्याला पलीकडून वाचू द्या. नंतर त्याच्या सध्याच्या पाटीवरची अक्षरं मोजा. बहुतेक वेळा ती दीड फुटाची निघतात, आणि शेजाऱ्याची पावणेदोन फुटांची. ही चढाओढ त्याला स्वतःलाही परवडत नसते. सगळ्यांच्या पाट्या एकदम लहान होणार असतील तर तो तयार होतो, एकट्याची होणार असेल तर होत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून एका रांगेतल्या सगळ्या पाट्या एकाच आठवड्यात बदला.

ब्राझीलच्या साओ पाउलो शहराने 'स्वच्छ शहर' कायदा २००६मध्ये करून १ जानेवारी २००७पासून लागू केला. तिथला पाट्यांचा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दुकानाची दर्शनी रुंदी १० मीटरपेक्षा कमी असेल तर पाटी दीड चौरस मीटर, १० ते १०० मीटर असेल तर चार चौरस मीटर. पाटीचं माप दर्शनी भागाच्या मापाशी बांधलं की लहान दुकानदार आणि मोठा मॉल यांना एकच फूटपट्टी लागते.

देवनागरीसाठी वेगळी जागा हवी

महाराष्ट्रात पाटी मराठीत, देवनागरीत हवी. दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या २०२२च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे बंधन आलं. मराठी अक्षरं आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असं तो कायदा सांगतो. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिने दिले आणि राज्यभर पाट्या बदलायची धांदल उडाली. त्याच वेळी मापाचा आणि जागेचा नियम तयार असता, तर एका खर्चात दोन्ही कामं झाली असती. पण बहुतेक ठिकाणी जुन्या पाटीच्या वर मराठीची आणखी एक पट्टी चढली आणि झाकलेली कमान आणखी झाकली गेली. याची मला अजून हळहळ वाटते.

आता नियम लिहिताना एक बारकावा सांभाळा. रोमन अक्षराला वर-खाली फारशी जागा लागत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि ऋकार येतात. 'मूर्ती' किंवा 'कैलास' लिहून पाहा. अक्षराचं माप शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतच्या मूळ अक्षराचं धरा, वेलांटी-उकारांसकट नाही. तसं केलं नाही तर 'सारखी उंची' म्हणून मोजलेलं मराठी नाव प्रत्यक्षात इंग्रजीपेक्षा लहान दिसतं. पाटीची उंची ठरवताना मूळ अक्षराच्या साधारण दुप्पट जागा सोडा.

अक्षरं कशाची? पत्र्यावर किंवा लाकडावर हाताने रंगवलेली, पितळी, लोखंडी कापलेली, सुटी बसवलेली. फ्लेक्स नको, कारण तो उन्हात दोन वर्षांत पांढरा पडतो आणि फाटून लोंबतो. पाट्या रंगवणारे जुने पेंटर तुमच्या गावात अजून असतील. त्यांना शोधून काढा आणि नियमावलीत त्यांच्या कामाला जागा ठेवा. मोडी, बोरू, पाट्यांची वळणदार अक्षरं हे सगळं ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासाठी चाळीस पाट्यांचं एकगठ्ठा काम म्हणजे वर्षाची बेगमी असते.

उजेड

मागून उजळणारा दुधी खोका, ज्याला बोर्डवाले ग्लोसाइन म्हणतात, तो बंद. पळती अक्षरं आणि लुकलुकणारे दिवे बंद. पाटीवर वरून किंवा खालून पडणारा उबदार पिवळट उजेड ठेवा, २७०० ते ३००० केल्व्हिनचा. दिवा विकत घेताना खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, तो पाहून घ्या. वायर कमानीच्या आतल्या कोपऱ्यातून न्या, कोरीवकामावरून नाही. पाटीचे खिळे-बोल्ट दगडांच्या सांध्यात मारा, दगडात नाही. सांधा पुन्हा चुन्याने भरता येतो, दगडाचं भोक बुजत नाही. आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. वर सांगितलेल्या फुलांच्या माळेवर हे दोन्ही नियम पाळले असते, तर ती आज अखंड असती.

वजनाचा मुद्दाही इथेच. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळून १७ माणसं दगावली. पेठेतल्या पाट्या तेवढ्या मोठ्या नसतात, पण शंभर वर्षांच्या कठड्यावर लोखंडी सांगाडा टांगलेला असतो. उंचावरच्या प्रत्येक जुन्या सांगाड्याची संरचना अभियंत्याकडून तपासणी ही पहिल्या महिन्याचीच अट ठेवा.

आता रंग

पहिला प्रश्न विचारा: या भिंतीला रंग हवा आहे का? मुंबईच्या फोर्टमधल्या कितीतरी इमारती मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, निळसर काळा बसाल्ट आणि पोरबंदरचा चुनखडी दगड यांच्या मेळातून रंगीत झाल्या आहेत. तो त्यांचा रंग. अशा दगडावर ऑइलपेंट मारणं हे नुकसान आहे आणि ते नियमात स्पष्ट लिहा: उघड्या दगडाला, विटेला, टाइलला रंग नाही. आधीच मारलेला असेल तर तो ग्राइंडरने किंवा वाळूच्या माऱ्याने काढू नका, दगडाची कातडीच निघते. जतनकामाची माहिती असलेल्या वास्तुविशारदाकडून कोपऱ्यात एक हातभर जागेवर लेप लावून चाचणी घ्या, मगच पुढे जा.

दुसरा प्रश्न: खालचा गिलावा कशाचा? चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. त्यावर प्लास्टिकसारखा बंद थर देणारा रंग मारला की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मग मालक म्हणतो इमारतच कुजली. इमारत कुजलेली नसते, तिचा श्वास कोंडलेला असतो. अशा भिंतीला चुन्याचा रंग किंवा ओल बाहेर सोडणारा खनिज रंगच द्यावा. चुन्यात गेरू, पिवडी, काजळी असे चुन्याने न विटणारे मातीचे-खनिज रंग मिसळतात. पाऊस संपल्यावर, भिंत आधी ओली करून, पातळ-पातळ तीन-चार हात द्यायचे. गोव्यात पणजीच्या फोंताइन्हासमध्ये पावसाळ्यानंतर घरं रंगवायची रीत पोर्तुगीज काळापासूनची आहे. पिवळी, निळी, तांबडी घरं, खिडक्यांच्या कडा आणि कंगोरे पांढरे, पण पूर्ण पांढरा रंग मात्र चर्चसाठी राखलेला. घरं एकमेकांसारखी नाहीत आणि तरी गल्ली एक दिसते, ती त्या पांढऱ्या कडांमुळे.

याच्या उलट टोकाला जयपूर. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी महाराजा सवाई रामसिंह यांनी शहर गेरूच्या गुलाबी रंगात रंगवून घेतलं आणि पुढे तीच ओळख झाली. पण जयपूर मुळात १७२७पासून एका आराखड्यावर उभं राहिलेलं शहर आहे. आपल्या पेठा शंभर-दीडशे वर्षांत एकेका घराने वाढल्या. वाड्याशेजारी आर्ट डेको, त्याच्याशेजारी सत्तरच्या दशकातली काँक्रीटची इमारत. अशा रस्त्याला एकच रंग दिला तर घरांमधला फरक पुसला जातो. म्हणून एक रंग नको, रंगांची लहान पेटी हवी.

ती पेटी शेडकार्डावरून निवडू नका, भिंत खरवडून काढा. छज्ज्याखाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे बोटभर रुंदीच्या पायऱ्या धारदार पात्याने एकेक थर उतरवत करा. सगळ्यात वर गेल्या दिवाळीचा इमल्शन, खाली डिस्टेंपर, खाली फिका हिरवा, त्याखाली पिवडीचा चुना, मग गिलावा. एकेका थराचा फोटो रंगपट्टी शेजारी धरून घ्या. मजकुरात 'क्रीम' असं नाव नको, प्रत्येकाचं क्रीम वेगळं असतं. मन्सेलसारख्या, प्रत्येक छटेला ठरावीक आकडा देणाऱ्या पद्धतीचा आकडा लिहा, म्हणजे कंपनी बदलली तरी रंग तोच राहतो. इटलीतल्या तुरिन शहराचा रंगआराखडा १९७८नंतर असाच, एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी धुंडाळून केला गेला. दहा-पंधरा इमारती खरवडल्या की तुमच्या रस्त्याची पेटी आपोआप पुढे येते: भिंतींसाठी सहा-आठ रंग, कडा आणि कंगोऱ्यांसाठी दोन-तीन, लाकूड आणि लोखंडासाठी तीन-चार. लागून असलेल्या दोन घरांना भिंतीचा एकच रंग देऊ नका.

मोजणीत मालक-भाडेकरूंची नोंद का, ते आता येतं. पेठेतलं खरं दुखणं भडक रंग हे नाही. इमारत एक आणि रंग गाळ्यागणिक वेगळे, हे आहे. पागडीचा प्रत्येक भाडेकरू आपापल्या समोरची भिंत, कधी अर्धा खांबसुद्धा, स्वतःच्या खर्चाने स्वतःच्या रंगात रंगवतो. एकाच खांबाचा डावा अर्धा निळा आणि उजवा अर्धा केशरी असलेला मी पाहिला आहे, मधली रेघ ओळंब्याने मारलेली. त्यामागे भांडण होतं, रंगाची आवड नव्हती. म्हणून नियम असा लिहा: रंग इमारतीचा, गाळ्याचा नाही. दुकानदाराला स्वतःचा रंग पाटीवर, शटरवर आणि दाराच्या आत. खांब, कमान आणि भिंत इमारतीची.

मंजुरी कागदावर देऊ नका. निवडलेल्या रंगाचा तीन फूट बाय तीन फूट नमुना त्याच भिंतीवर मारायला सांगा आणि तो पूर्ण वाळू द्या, कारण चुन्याचा रंग ओला असताना गडद असतो आणि वाळला की दोन छटा उतरतो. मग सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हात पाहा. पहिला नमुना बघून रंगारीच अनेकदा म्हणतो, 'साहेब, पिवडी जरा कमी करू.' त्याचं ऐका.

पैसा आणि परांची

रंगापेक्षा परांचीचा खर्च जास्त. म्हणून सलग चार-पाच इमारतींची परांची एकदम बांधा आणि ती उभी असतानाच तिन्ही कामं उरका: जुने सांगाडे आणि मेलेल्या केबली उतरवणं, गिलाव्याची दुरुस्ती, रंग. एसीची यंत्रं मागच्या बाजूला किंवा कठड्यामागे न्या. व्यापारी संघ, मालक आणि पालिका यांच्यात वाटणी आधी लिहून घ्या. पालिकेकडून नियम पाळणाऱ्या पाटीचं परवाना शुल्क काही वर्षं माफ करून घेता आलं, तर ते रोख अनुदानापेक्षा लवकर मिळतं.

पाळायचं कसं

पुस्तिका दोनशे पानांची असेल तर ती कुणी उघडणार नाही. एक पान करा. एका बाजूला कमानीचं चित्र आणि पाटीची जागा, दुसऱ्या बाजूला रंगांच्या पट्ट्या. ते गावातल्या प्रत्येक बोर्डवाल्याकडे, रंगाच्या दुकानात आणि रंगाऱ्यांच्या नाक्यावर भिंतीला लावा. पाटी कुठे लावायची हे दुकानदार बोर्डवाल्यालाच विचारतो, पालिकेला नाही.

परवानगीचा अर्जही एका पानाचा ठेवा आणि उत्तराची मुदत पंधरा दिवसांची. नमुन्यात बसणाऱ्या पाटीला अर्जच नको, फक्त लावल्याचा फोटो संघाकडे. समितीपुढे तेवढीच प्रकरणं जाऊ देत ज्यांना वेगळं काही करायचं आहे. नाहीतर समिती किरकोळ पाट्यांत बुडते आणि मोठा फलक तिच्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

चालू पाट्यांना मुदत द्या. जपानमधल्या क्योतोने २००७मध्ये गच्चीवरच्या जाहिराती आणि लुकलुकणारे दिवे बंद केले तेव्हा जुन्यांना सात वर्षं दिली, आणि मुदत संपल्यावर ती पाळायला लावली. आपल्याकडे दोन-तीन वर्षं पुरेत, कारण फ्लेक्स तेवढाच टिकतो. पण नवी पाटी पहिल्या दिवसापासून नियमानेच. धोकादायक सांगाड्याला मुदत नाही. दंडाआधी नोटीस, नोटिशीआधी संघाच्या माणसाने दारात जाऊन बोलणं. शंभरातले ऐंशी तिथेच मिटतात, असं म्हणणार नाही, पण आमच्या रस्त्यावर नोटिशीपर्यंत गेलेली प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

दसऱ्यानंतरचा एखादा रविवार कायमचा ठरवून ठेवा. पाऊस उघडलेला असतो, भिंती वाळायला लागलेल्या असतात आणि दिवाळीच्या रंगकामाला अजून वेळ असतो. सकाळी सात वाजता खडूच्या खुणांवर उभं राहून तेच फोटो पुन्हा घ्या, मागच्या वर्षीचे शेजारी धरा आणि वहीत प्रत्येक इमारतीच्या पानावर तारीख घालून लिहा: कुठे पोपडा आला, कुठे नवी पाटी खांबावर सरकली, कुणाचा बोल्ट गंजला. त्याच दिवशी त्या दुकानदाराला दाखवा. रंगाऱ्याला बोलावणं अजून पाठवलेलं नसतं, तेवढ्यात सांगितलेलं त्याच्या उपयोगी पडतं.